धागा: राक्षसांनी बोलायचं कसं? आवाज आणि व्याकरण ठरवायला मदत हवी

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात शिकवते. डिसेंबरच्या गॅदरिंगला आमची मुलं तासाभराचं नाटक करणार आहेत. गोष्ट मुलांनीच रचली आहे. कणकुंबीच्या वरच्या रानात, जिथं मलप्रभा उगम पावते तिथं, तीन राक्षस राहतात. ते माणसं खात नाहीत, ढग अडवून धरतात. एका वर्षी आषाढ संपला तरी पाऊस नाही, तेव्हा गावातली एक मुलगी कारण विचारायला एकटी वर जाते.

राक्षस कोणती भाषा बोलतात हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पहिल्या तालमीत मुलांनी मनानेच सुरू केलं: घोगरा आवाज आणि मोडकंतोडकं कन्नड. "येनु येनु, बा बा" असं. सगळी हसली. माझ्या वर्गात कित्तूरकडून आलेला एक मुलगा आहे, घरी कन्नड बोलतात. तो दोन नंबरचा राक्षस होता. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, मी पडदा ओढतो."

तालीम तिथंच थांबवायला हवी होती, मी थांबवली नाही. ते मनाला लागून राहिलंय.

तर राक्षसांना त्यांची स्वतःची भाषा द्यायची आहे. वर्गातल्या एकाही मुलाच्या घरची नको. तीस-चाळीस शब्द आणि दहा वर्षांच्या मुलांना पेलेल एवढं व्याकरण. एवढ्या मोठ्या देहातून आवाज कसे निघतील? व्याकरण कशावर बेतायचं? सुचेल ते सांगा.

येळ्ळूरगडी
बाई, विषय एक नंबर. राक्षस किती उंच धरलेत ते आधी सांगा.

मलप्रभाकाठ
मुलांनी "शाळेच्या कौलाएवढे" असं ठरवलंय. म्हणजे पाच मीटर धरा.

टिळकवाडी_रेडिओ
मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे आवाजाचं थोडं सांगू शकेन. पाच मीटर म्हणजे माणसाच्या तिप्पट.

गळ्यातल्या पट्ट्यांपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर असते. एका टोकाला बंद असलेली नळी समजा. अशी नळी ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास घुमते. जीभ-ओठ हलवून आपण हे आकडे वरखाली करतो आणि त्यातून अ, ई, ऊ वेगळे होतात. नळी तिप्पट केली की सगळे आकडे एक तृतीयांश. आपल्या 'ई'ची पहिली दोन घुमण्याची ठिकाणं साधारण २७० आणि २३०० हर्ट्झ. राक्षसाच्या 'ई'ची होतील ९० आणि ७६७. आपल्या कानाला तो जवळजवळ 'ऊ' वाटेल! आणि त्याचा 'आ' तर ऊच्याही खाली, नुसता हुंकार.

आता सूर. पुरुषाचा बोलण्याचा सूर ११० हर्ट्झच्या आसपास, राक्षसाचा चाळिसाच्या खाली जाईल. इतक्या खाली गेलं की आपल्याला सूर असा लागत नाही, एकेक ठोका सुटा ऐकू येतो. भाताच्या गिरणीचं इंजिन लांबून ऐकल्यासारखं.

'स'चंही तसंच. तोंडाची पुढची पोकळी मोठी, म्हणून त्याचा 'स' आपल्याला 'श'सारखा, त्याहून जाड लागेल. मी स, श, च, ज, झ सगळे काढून टाकले असते.

गणितवाला
भौतिकशास्त्राचा विषय निघालाय तर एक अडचण. उंची तिप्पट झाली की वजन २७ पट होतं, पण हाडाचा छेद ९ पटच वाढतो. म्हणजे प्रत्येक हाडावर तिप्पट ताण. गॅलिलिओने हे १६३८ मध्ये लिहून ठेवलंय. माणसाच्याच घडणीचा पाच मीटरचा राक्षस नीट चालू शकणार नाही.

येळ्ळूरगडी
म्हणजे नाटक रद्द करायचं का ओ?

गणितवाला
तसं कुठं म्हणालो! त्याचा भाषेला उपयोग होतो म्हणून सांगितलं. पाय खांबासारखे जाड हवेत आणि हालचाल सावकाश. लोंबणारी वस्तू तिप्पट लांब झाली की तिचा झोका वर्गमूळ तीन, म्हणजे सुमारे पावणेदोन पट वेळ घेतो. हात, पाय, जबडा सगळं त्याच चालीने. तुमची मुलं एक शब्द जेवढ्या वेळात म्हणतात त्याच्या पावणेदोन पट वेळ राक्षसाला द्या. त्याहून सावकाश केलंत तर तो आजारी वाटेल.

मलप्रभाकाठ
पावणेदोन पट! आज वर्गात टाळ्यांवर करून बघितलं. "मी डोंगरावर राहतो" हे वाक्य एरवी चार टाळ्यांत बसतं, आम्ही सात टाळ्यांत बसवलं. खरंच वजन आलं आवाजाला.

पण रेडिओदादा, माझे राक्षस दहा वर्षांचे आहेत. त्यांचे आवाज चिमण्यांसारखे. चाळीस हर्ट्झ कुठून आणू?

टिळकवाडी_रेडिओ
आणता येणार नाही, पण नळी लांबवता येईल. चार इंची पीव्हीसी पाईपचा दीड मीटरचा तुकडा घ्या आणि त्यातून बोलायला लावा. सूर मुलाचाच राहतो, पोकळी मात्र राक्षसाची होते.

दुसरं, कळशी. लहान पितळी कळशी रिकामी करून तोंडाशी धरायची, 'ऊ' म्हणत खालच्या सुरातून हळूहळू वर सरकायचं. एका ठिकाणी कळशी स्वतःच बोलायला लागते. तळहात पोटाला टेकवलेला असेल तर थरथर थेट हाताला कळते. प्रत्येक कळशीची जागा वेगळी. प्रत्येक राक्षसाला आपापली कळशी द्या, तोच त्याचा आवाज.

शब्दपारखी
बाई, तुमचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि गोष्ट आपल्याच पैठणची आहे.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. राणी म्हणाली, "मोदकैः ताडय माम्." म्हणजे 'मा उदकैः', पाण्याने मारू नको. राजाला संधी कळला नाही, त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजा शरमला आणि त्याने संस्कृत शिकायचं ठरवलं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पण लावला: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने शिकवून दाखवलं. गुणाढ्य विंध्याच्या रानात गेला, तिथं पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली, कारण भाषा पिशाचांची. मग गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि रानातली जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली. सहा लाख श्लोक जळाले. उरले एक लाख. आज तेही नाहीत. आपल्याकडे आहे ते अकराव्या शतकातलं सोमदेवाचं संस्कृत कथासरित्सागर.

मुद्दा असा की या पिशाचांच्या भाषेला, म्हणजे पैशाचीला, व्याकरण आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने ते सूत्रांत बांधलं. तिच्या चूलिका पैशाची नावाच्या भेदात घोष व्यंजनं (गळ्यातल्या पट्ट्या थरथरवून म्हटलेली) अघोष, म्हणजे थरथरीविना, होतात: नगरचं नकर, मेघचा मेख, राजाचा राचा, दामोदरचा तामोतरो. म्हणजे ग-घ-ज-द गेले, क-ख-च-त आले. तुमच्या राक्षसांना हा नियम देऊन बघा. हजार वर्षांची परंपरा मिळेल.

टिळकवाडी_रेडिओ
सर, गोष्ट वाचताना अंगावर काटा आला. पण नियमाशी मी सहमत नाही.

ग, ड, ब म्हणताना तोंड बंद असतं आणि तरी गळ्यातून हवा येत असते. ती तोंडाच्या पोकळीत साठते. पोकळी भरली की पट्ट्या थरथरायच्या थांबतात. 'ब'ला मागे जागा भरपूर, 'ग'ला अगदी थोडी, म्हणून 'ग' लांबवणं 'ब'पेक्षा अवघड. करून बघा: ओठ मिटून 'ब्ब्ब' किती वेळ टिकतो आणि 'ग्ग्ग' किती वेळ. राक्षसाच्या तोंडात पोकळीच पोकळी. त्याला घोष व्यंजनं सोपी. त्याच्या शरीराने निवडलं तर मेघचा मेख होणार नाही, उलट मेखचा मेघ होईल.

शब्दपारखी
हे मला पटलं. ब्ब्ब करून बघितलं, आमच्या घरच्यांनी आत येऊन चौकशी केली.

मग पैशाचीचं एवढंच ठेवा, की ज्या भाषेला दरबार नाक मुरडतो तिच्यात सात लाख श्लोक मावले होते. हे मुलांना जरूर सांगा.

हलगीवाला
मला हा सगळा खटाटोप जास्त वाटतो. मुलांचं नाटक आहे. राक्षसांनी हुं हुं करावं, लोक टाळ्या वाजवतील, घरी जातील. आणि थोडं कन्नड बोलले तर काय बिघडलं? आपण सगळेच दोन्ही बोलतो की.

निपाणीची_सून
हलगीवाले दादा, दोन्ही बोलतो हे खरं. पण राक्षसाच्या तोंडी एकच जाते, हे बघा की. मी लग्नाआधी धारवाडला होतो. तिथं एका शाळेत वर्गात उभं करून माझं कन्नड म्हणून दाखवायचे, माझ्या मराठी हेलासकट. त्या नाटकात मीच राक्षस होतो म्हणा. तीस वर्षं झाली, आजही तो वर्ग डोळ्यांसमोर आहे. त्या कित्तूरच्या पोराचं मला कळतं.

(पुण्याच्या लोकांनी "मी होतो" वाचून दचकू नये. आमच्याकडं बायका "मी जातो, मी येतो" असंच म्हणतात.)

हलगीवाला
वैनी, चुकलं माझं. असा विचार केला नव्हता.

गोकाककर
हुं हुं पुरेल का, यावर एक उदाहरण. बाहुबली चित्रपटातल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी भाषा रचली, सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम. एक अक्षर कळत नसताना २०१५ साली आमच्या गल्लीतली पोरं ती वाक्यं पाठ म्हणायची. नियम असलेली बडबड आणि नुसती बडबड यातला फरक पोरांना बरोबर कळतो.

मलप्रभाकाठ
आवाज ठरत आलेत. आमच्या यादीत आता आहेत: अ, आ, उ, ऊ, ओ, ग, घ, ङ, ड, ढ, ण, ब, भ, म, र, ळ, ह.

काल रात्री एक गोष्ट सुचली आणि झोपच आली नाही. मराठीत ळ शब्दाच्या मध्ये येतो, शेवटी येतो, पण ळने एकही शब्द सुरू होत नाही. कन्नडमध्येही होत नाही, मी दोघा कन्नड शिक्षकांना विचारून खात्री केली. तसंच ण आणि ङ. मग राक्षसांचे शब्द याच अक्षरांनी सुरू करायचे. ळोम, ळुघा, णाड, ङूभ. कन्नड घरातलं मूल आणि मराठी घरातलं मूल, दोघंही पहिल्या अक्षराला सारखीच अडखळतील. कुणाची भाषा मोडायची गरजच नाही.

येळ्ळूरगडी
ळोम ळोम ळोम. जीभ आधीच उलटी करून बसावं लागतंय. बाई, हे भारी आहे!

अथणीकर
फार सुंदर कल्पना, पण एक दुरुस्ती. 'ण'ने सुरू होणारा शब्द आमच्या घरात रोज सकाळी म्हणतात: णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं. णमोकार मंत्र अर्धमागधी प्राकृतात आहे. सीमाभागात जैन घरं भरपूर, तुमच्या वर्गातही असतील.

मलप्रभाकाठ
आहेत, तीन मुलं. बरं झालं सांगितलंत. 'ण' शब्दाच्या सुरुवातीला येणार नाही, ळ आणि ङ राहतील. णाड रद्द.

अथणीकर
मनापासून आभार. महाकाय म्हटलं की मला श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर आठवतो. अखंड शिळेतली ५७ फुटांची मूर्ती, दहाव्या शतकातली, चामुंडरायाने करवलेली. तिच्या पायांशी तीन भाषांत कोरलंय: मराठीत "श्रीचावुण्डराजें करवियलें", कन्नडमध्ये "माडिसिदं" आणि तमिळमध्येही तेच. लहानपणी वडिलांनी बोट धरून मराठी ओळ दाखवली होती. अक्षरं माझ्या तळव्याएवढी वाटली होती. मान वर केली तर मूर्तीचा गुडघासुद्धा दिसेना, पोटऱ्याच दिसल्या. तिन्ही भाषा एकाच उंचीवर, अंगठ्यापाशी.

गोकाककर
थोडं अवांतर. आपला राकसकोप तलाव! कन्नडमध्ये राक्षसाला रक्कस म्हणतात, कोप्प म्हणजे वस्ती. बेळगाव शहर राकसकोपचं पाणी पितं, म्हणजे राक्षसांच्या वस्तीतूनच नळ आलाय. बाईंच्या मुलांनी ढग अडवणारे राक्षस काढले ते उगीच नाही.

येळ्ळूरगडी
राकसकोप भरला की आमच्याकडं लोक बघायला जातात, जत्रा असल्यासारखी. भजी तर पाहिजेतच.

शब्दपारखी
भजी खाऊन झाली असतील तर व्याकरणाकडे वळू.

कुणाच्या व्याकरणावर बेतायचं हा प्रश्न आपल्या भागात वेगळाच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या भाषांचा गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी अभ्यास केला, १९७१ मध्ये तो छापून आला. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं एकाच गल्लीत नांदल्या. शब्द तिघींचे वेगळे राहिले, पण व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. म्हणजे आपल्या मुलांच्या डोक्यात शब्दांच्या पेट्या दोन असल्या तरी चौकट बरीचशी एकच. राक्षसाचं व्याकरण वेगळं वाटायला हवं असेल तर ही चौकटच मोडा. पहिली गोष्ट, क्रियापद. मराठीत आणि कन्नडमध्ये ते शेवटी येतं. राक्षसाचं पहिलं येऊ दे. "आला पाऊस डोंगरावर."

निपाणीची_सून
लिंगाचं काय करायचं? मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. कन्नड शिकताना मला केवढी सुटका वाटली! बाई ती, बाप्या तो, बाकी गुरंढोरं-दगड सगळं ते. राक्षसाला बाई-बाप्या कशाला पाहिजे? एवढ्या उंचावरून माणूस बघितला तर हलतोय का नाही एवढंच दिसणार.

मलप्रभाकाठ
वैनी!! "हलतोय का नाही" हे मी तसंच उचलतेय.

राक्षसांची लिंगं तीन: हलणारं, बसलेलं, वाहणारं. माणूस, गाय, पाखरू हलणारं, शेवटी -मा. डोंगर, झाड, घर बसलेलं, शेवटी -ड. पाणी, वारा, ढग वाहणारं, शेवटी -ळू. आणि शब्द कायमचा एका लिंगात अडकलेला नाही. झोपलेला राक्षस -ड होतो. गोठलेलं पाणीही -ड.

याने नाटकाचा मधला प्रवेशच बदलला. मुलगी वर पोचते आणि भीतीने थिजते. राक्षस तिच्याकडे बघून म्हणतो "ळुघड". त्याला ती दगड वाटते. प्रेक्षकांना तोवर शेवटाचा अर्थ कळलेला असेल. मग ती एक बोट हलवते. राक्षस थांबतो, वाकतो आणि म्हणतो, "ळुघमा." दुसरा एकही संवाद नाही.

टिळकवाडी_रेडिओ
हा प्रवेश मी पाईप घेऊन स्वतः बघायला येणार.

रानवाटा_जांबोटी
मी रानात फिरणारा माणूस, भाषेतलं कळत नाही, पण मोठ्या जनावरांचं थोडं बघितलंय. दांडेलीकडचे हत्ती आमच्या बाजूने उतरून तिलारी-दोडामार्गापर्यंत गेले, तेव्हा एकदा लांबून कळप बघितला. आवाज काही नाही. तरी पुढची हत्तीण थांबली की सगळे एकदम थांबायचे. नंतर वाचलं की हत्ती वीस हर्ट्झच्याही खाली बोलतात. आपल्या कानाची हद्दच वीसपासून सुरू होते. तो आवाज काही किलोमीटर जातो, आणि जमिनीतून येणारी थरथर त्यांना तळपायाला कळते.

तुमचे राक्षस तीन वेगवेगळ्या डोंगरांवर बसत असतील तर ते पायानेच ऐकत असणार.

शब्दपारखी
याला व्याकरणात जागा आहे! कळलं ते कशाने कळलं, हे क्रियापदावरच दाखवणाऱ्या भाषा जगात आहेत. आपल्याकडेही अंश आहे. "तो आला" म्हणजे मी पाहिलं, "तो आला म्हणे" म्हणजे कुणीतरी सांगितलं. कन्नडमध्ये "बंद" आणि "बंदनंते" असंच. राक्षसाला तीन 'म्हणे' द्या: डोळ्याने कळलेलं, कानाने कळलेलं आणि तळपायाने कळलेलं.

मलप्रभाकाठ
तळपायाचं -डुम. मुलांनीच सुचवलं, पाय आपटून. "ओघडुम ळुघमा": येतंय हलणारं कुणीतरी, असं पायाला कळतंय. नाटकाचं पहिलं वाक्य हेच. पडदा बंद असतानाच.

गोकाककर
'आपण' आणि 'आम्ही' विसरू नका. मराठीचं हे फार मोठं धन आहे. 'आपण जाऊ'मध्ये समोरचा आला, 'आम्ही जाऊ'मध्ये तो वगळला. हिंदीत 'हम', कन्नडमध्ये 'नावु', दोन्हीला एकच. राक्षसांकडे तिसरंही असावं: आपण, आणि आपल्याबरोबर ही जागाही.

येळ्ळूरगडी
आम्ही, आपण, आणि आपण-डोंगरासकट. झालं की.

गणितवाला
दरीचा विचार झाला का? समोरचा कडा ३४० मीटरवर असेल तर आवाज जायला एक सेकंद, यायला एक. प्रत्येक शब्दामागे दोन सेकंदांनी त्याचा प्रतिध्वनी येणार. पुढचा शब्द त्याआधी म्हटला तर गोंधळ होईल. म्हणजे राक्षसांमध्ये प्रतिध्वनी येईपर्यंत थांबणं हाच शिष्टाचार.

निपाणीची_सून
प्रतिध्वनी म्हटल्यावर आठवलं. आमच्या घरात दोन तऱ्हा आहेत. मी म्हणतो "चहाबिहा घेणार?", आमचे सासरे म्हणतात "चहागिहा". मराठीत 'बि', कन्नडमध्ये 'गि': ऊट-गीट, म्हणजे जेवणबिवण. नातू दोन्ही म्हणतो, आजोबांना गिहा आणि मला बिहा.

शब्दपारखी
वैनी, तुम्ही अनेकवचन सोडवलंत. अशा जोडीला व्याकरणात प्रतिध्वनी-शब्दच म्हणतात. आपण तो प्रतिध्वनी तोंडाने करतो, राक्षसांसाठी डोंगर करेल. एक राक्षस म्हणतो "ळोमळू", ढग. पलीकडून येतं "...ओमळू". तोच अनेकवचनाचा प्रत्यय, पुष्कळ ढग. एकच ढग म्हणायचा असेल तर राक्षसाला तोंडावर हात धरून हळू बोलावं लागेल.

मलप्रभाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय, सहामाही परीक्षा होत्या.

शब्द ३६ झाले. विंगेत उभी राहून प्रतिध्वनी देणारी दोन मुलं नेमली आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना नाव पडलंय "डोंगर". डोंगर व्हायला सगळ्यात जास्त मुलं तयार होती, शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

परवा कळशा आणल्या. प्रत्येकाने आपली कळशी शोधायची होती, म्हणजे 'ऊ' म्हणत सरकायचं आणि कुठं थरथर लागते ते बघायचं. कित्तूरचा मुलगा पडद्याची दोरी धरून उभा होता. एक जुनी, पोटाला पोचा आलेली कळशी कुणालाच बोलेना. त्याने दोरी सोडली, येऊन ती उचलली आणि फार खालून, अगदी सावकाश सरकत गेला. एका जागी ती अशी घुमली की खिडकीची काच वाजली. त्याने हात काढून घेतला, मग परत ठेवला. वर्ग गार. तो म्हणाला, "ळोमळू." आणि दोन्ही डोंगर न सांगता बोलले.

तो परत दोन नंबरचा राक्षस आहे. काल तालमीनंतर थांबला आणि विचारलं, "बाई, ह्यांच्यात 'नाही' कसं म्हणतात?" आपण कुणीच ठरवलेलं नाही की! मुलगी पाऊस मागते, राक्षस पहिल्यांदा नाही म्हणतो, तिथं शब्दच नाही. सुचवा.

शब्दपारखी
मराठीत नाही, नको, नये, नव्हे असे चार आहेत. राक्षसाला एक पुरे. 'ङ'ने सुरू करा, नाकातला नकार.

येळ्ळूरगडी
ङो!

हलगीवाला
मान हलवली तर चालणार नाही का?

गणितवाला
एवढी जड मान? कशाला हलवेल.

मलप्रभाकाठ
सगळे पर्याय आज त्याला वाचून दाखवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "राक्षसाने म्हणायचं 'ओघळू', पाऊस येतो. पण डोंगरांनी उत्तर द्यायचं नाही. मग ते नाही."

करून बघितलं. त्याने कळशीत "ओघळू" म्हटलं आणि आम्ही सगळे प्रतिध्वनीची वाट बघत राहिलो. दोन सेकंद. तीन. मुलीचं काम करणारी पोर खरंच रडवेली झाली.

टिळकवाडी_रेडिओ
शनिवारी पाईप घेऊन येतोय. किती तुकडे कापू?

मलप्रभाकाठ
तीन राक्षस, दोन डोंगर. पाच.